इंजेक्शन मोल्डिंग: मोल्ड चेंजला १४० मिनिटं जातात, आधी हात कुठे घालायचा?

शॉपफ्लोअर_वाळूज

नमस्कार मंडळी. प्लास्टिक वितळवून मोल्डमध्ये (साच्यात) दाबणारी सहा मशिन्स आहेत, सगळी टॉगल (सांध्याच्या दांड्यांनी मोल्ड बंद करणारी), मोल्ड दाबून धरण्याचा जोर १८० ते ३५० टन. मोल्ड साधारण ४५० बाय ४५० मिमी, उंची ४००, वजन ६०० किलोच्या आसपास. मटेरियल तीनच: काळं पीए६६ (नायलॉन, ३० टक्के ग्लास फायबर), नॅचरल (बिनरंगी) पीपी आणि एबीएस. एका मशीनवर दिवसाला एक, कधी दोन चेंज. ग्राहक आता आठवड्याचा माल एकदम उचलत नाही, रोज थोडा थोडा मागतो. म्हणजे चेंज वाढणार हे नक्की.

व्हिडिओ काढून वेळ मांडली. २५० टनी मशीनवर एबीएसचा मोल्ड उतरवून पीए६६ चा चढवला तेव्हा:

शोधाशोध आणि क्रेनची वाट – २५ मिनिटं
पाणी काढणं, जुना मोल्ड उतरवणं – २०
नवा मोल्ड चढवणं, क्लॅम्प करणं – २५
पाण्याचे पाइप जोडणं – १५
बॅरल (प्लास्टिक वितळवणारी नळी) पर्ज, म्हणजे आतला जुना माल ढकलून काढणं, आणि टेंपरेचर – २५
पॅरामीटर, ट्रायल शॉट – १५
क्वालिटीची मंजुरी – १५

एकूण १४०. वरून मॅग्नेटिक क्लॅम्पिंगचं (बोल्टऐवजी चुंबकाने मोल्ड धरायचं) कोटेशन मागवायला सांगितलंय. चेंजला दोन सेटर (मोल्ड बदलणारे कामगार) असतात, बेमध्ये क्रेन एकच. मॅग्नेटवर खर्च करण्याआधी दुसरं काय करता येईल?

टूलरूम_भोसरी

घड्याळ कुठून कुठपर्यंत लावलंत ते आधी पक्कं करा. जुन्या मोल्डचा शेवटचा ओके पीस ते नव्या मोल्डचा पहिला ओके पीस, हा खरा चेंजओव्हर. पुष्कळ ठिकाणी मंजुरी सोडून मोजतात, मग कागदावर तासाभरात चेंज होतो आणि मशीन मात्र दोन तास उभंच. तुम्ही मंजुरी धरली आहे ते बरं केलंत.

आता यादी नीट बघा. बोल्ट सोडवणं-आवळणं हे त्यात फार मोठं काम नाही. उतरवण्याच्या २० आणि चढवण्याच्या २५ मिनिटांत निव्वळ क्लॅम्पचं काम किती, ते व्हिडिओतून वेगळं काढा. आठ-आठ बोल्टांना मिळून १५ मिनिटांच्या फार वर जायला नको. मॅग्नेट घेतलं तर वाचणार ते तेवढंच. शोधाशोध, तापण्याची वाट, मंजुरी हे सगळं जागच्या जागी राहील. १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्योत (आताची माझदा) शिगेओ शिंगो यांनी प्रेसवरची डाय बदली निरखली तेव्हा ८०० टनी प्रेसचा बोल्टच सापडत नव्हता. कामगाराने शेजारच्या प्रेसचा लांब बोल्ट आणला आणि कापून बसवला. मशीन थांबवून करायचं काम वेगळं आणि चालू मशीनवर उरकता येणारं वेगळं, ही विभागणी त्यांनी तिथूनच मांडली. तुमची पहिली २५ मिनिटं थेट त्याच खात्यातली आहेत.

जुना लॉट चालू असतानाच पुढचा मोल्ड मशीनशेजारी स्टँडवर आला पाहिजे. तिथेच लोकेटिंग रिंग (मोल्ड मध्यावर बसवणारी), स्प्रू बुश (माल आत शिरण्याचं तोंड), इजेक्टर रॉडची (पीस ढकलून काढणाऱ्या दांड्याची) लांबी तपासायची. पाण्याची सर्किटं ५-६ बारला दाबून गळती बघायची. हे न करता मोल्ड चढवला आणि ओ-रिंग गळाली तर मोल्ड परत खाली, म्हणजे सगळा चेंज दोनदा. गंजरोधक स्प्रेही बाहेरच सॉल्व्हंटने पुसून काढा. तो पीसांबरोबर बाहेर निघेपर्यंत शॉट मारत बसणं म्हणजे मटेरियल आणि वेळ दोन्ही वाया.

दुसरं मोठं काम मोल्ड आधी तापवण्याचं. पीए६६ ला मोल्ड ८० अंशांवर हवा. ६०० किलो स्टील ३० वरून ८० ला न्यायला ६०० × ०.४९ × ५० म्हणजे साधारण १४,७०० किलोज्यूल लागतात. ९ किलोवॅटचा टेंपरेचर कंट्रोलर हे २७ मिनिटांत देतो, आणि हवेत जाणारी उष्णता धरली की ४० च्या घरात जातो. हा वेळ तुमच्या यादीत कुठेच दिसत नाही. म्हणजे एक तर मोल्ड गार असतानाच ट्रायल सुरू होते आणि मोल्ड तापेपर्यंतचे पीस स्क्रॅपमध्ये जातात, नाही तर तो वेळ पर्ज आणि ट्रायलमध्ये दडला आहे. एक कंट्रोलर चाकांच्या गाडीवर ठेवा, स्टँडवरच मोल्ड तापवा. मात्र तापवलेला मोल्ड उचलताना दोन्ही बाजूंनी बंद होणारे कपलर (पाइपचे झटपट जोड) असलेच पाहिजेत, नाही तर ८० अंशांचं पाणी सेटरच्या हातावर.

आणि टॉगल मशीन आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून. ४०० मिमी उंचीचा मोल्ड ५० अंशांनी तापला की पाव मिलिमीटरच्या जवळपास वाढतो. पूर्ण टनेजला (दाबून धरण्याच्या जोराला) टाय बार (मशीनचा आडवा दांडा) ताणला जातो तोच मिलिमीटरच्या आसपास. गार मोल्डवर डाय हाइट (मोल्डच्या उंचीप्रमाणे अंतर) लावून टनेज सेट केलं तर तापल्यावर ते चढतं, आणि वाईट दिवशी टॉगल अडकून बसतो. मोल्ड बाहेर तापवून आणला तर हा त्रासही कमी होतो. तरी तापमान स्थिर झाल्यावर टनेज एकदा बघायचंच.

पॉलिमर_अंबड

वरचं सगळं बरोबर, पण बॅरलची २५ मिनिटं जवळजवळ पूर्ण काढता येतात, कारण ते काम मोल्डच्या कामाच्या बरोबरीने होऊ शकतं.

एबीएस ते पीए६६ चा क्रम असा ठेवा. शेवटचे शॉट चालू असतानाच हॉपरची स्लाइड बंद करून एबीएस संपवा. बॅरल मागे घ्या, आणि २३० अंशांवरच एचडीपीईने (पॉलिथीनने) एबीएस बाहेर ढकला. एचडीपीई बॅरलमध्ये तसंच ठेवून सेटिंग २८०-२८५ ला लावा आणि मोल्डच्या कामाला लागा. तुमचा मोल्ड चढेपर्यंत बॅरल तापलेलं असतं. मग नायलॉन टाकून थोडं पर्ज केलं की काम झालं. एबीएस आत असतानाच टेंपरेचर चढवलं तर ते जळतं, आणि ते काळे कण पुढे नायलॉनमध्ये येत राहतात.

उलटा प्रवास महाग. बॅरल तापतं लवकर, पण गार होतं हळू, कारण बहुतेक मशिन्सच्या बॅरलला पंखे नसतात. त्यात काळ्यानंतर नॅचरल पीपी म्हणजे डोकेदुखीच. काळा रंग लपतो तो नोझलच्या टोकाशी, स्क्रूच्या चेक रिंगमागे (माल मागे जाऊ न देणाऱ्या कडीमागे), हॉपरच्या गळ्यात आणि लोडरच्या सक्शन पाइपमध्ये. पर्ज करून करून लम्प (बाहेर पडणारा गोळा) पांढरा आला, पण पहिल्या बॉक्सनंतर परत काळी रेघ दिसली, तर बहुतेक वेळा नोझल उघडून साफ करायचं राहिलेलं असतं. गरम असतानाच काढा, पितळी ब्रश वापरा, लोखंडी काही घालू नका.

म्हणून प्लॅनिंगमध्येच क्रम लावा: आधी नॅचरल पीपी, मग एबीएस, शेवटी काळं नायलॉन. फिकटाकडून गडदाकडे आणि कमी टेंपरेचरकडून जास्तीकडे. मोठी धुलाई चक्रात एकदाच. माझ्या मते तर ग्लासचं काळं नायलॉन एक-दोन मशिन्सना नेमूनच द्यावं. ग्लास तसाही स्क्रू आणि बॅरल खातो, सहाच्या सहा मशिन्सची झीज कशाला करायची?

ड्रायिंग तुमच्या यादीत नाही. तो वेळ दिसला नाही म्हणून विसरू नका. पीए६६ ला ८० अंशांवर ४ तास, ओलावा ०.२ टक्क्याच्या खाली. एबीएसला ८० वर २ ते ४ तास. पीपीला गरज नाही. मशीन तासाला २० किलो खात असेल तर ४ तासांच्या हिशोबाने ड्रायरचा हॉपर किमान ८० किलोचा हवा. त्याहून लहान असेल तर पहिला भरणा सुका निघतो आणि मागून ओला माल येतो. पीसवर चंदेरी रेघा लॉटच्या मध्येच उगवतात त्या अशाच. साधा हॉट एअर ड्रायर बाहेरचीच हवा तापवून देतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्या हवेतच इतकं पाणी असतं की चार तासांचे सहा केले तरी नायलॉन सुकेलच असं नाही. उणे ३० ते उणे ४० अंश ड्यू पॉइंटचा (अगदी कोरडी हवा देणारा) डीह्युमिडिफायिंग ड्रायर गाडीवर घ्या आणि पुढच्या लॉटचा माल आधीच सुकायला लावा. मॅग्नेटचे पैसे इथे लावले तर जास्त परत येतील.

एक इशारा. पीओएम म्हणजे डेलरिन तुमच्याकडे आज नाही, पण कधी आलं तर ते २८० च्या बॅरलमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका, आणि पीव्हीसीबरोबर तर अजिबात नको. विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, बॅरलमध्ये दाब तयार होऊन स्फोटासारखं माल बाहेर फेकलं जातं.

क्लॅम्प_अँड_कपलर

हार्डवेअरवर लिहितो, कारण इथे खर्च हजारांत आहे, लाखांत नाही.

सगळ्या मोल्डच्या क्लॅम्प प्लेटची जाडी एक करा, समजा ३० मिमी. लहान असेल तिथे पट्टी लावा, जास्त असेल तिथे मिलिंग करून कडेला पायरी काढा. जाडी एक झाली की क्लॅम्पखालचे ठोकळे शोधणं संपतं, ठरावीक उंचीचा एकच क्लॅम्प सगळीकडे चालतो. क्लॅम्पची मागची बाजू मोल्डच्या बाजूपेक्षा किंचित वर असावी आणि बोल्ट मोल्डच्या जवळ असावा. बोल्ट ठोकळ्याकडे सरकला की जोर ठोकळ्यावर जातो, मोल्ड सैलच राहतो.

बोल्ट सगळे एम१६, पाना एकच २४ चा. लांबी अशी ठेवा की प्लॅटनमध्ये (मशीनच्या ज्या प्लेटवर मोल्ड बसतो तिच्यात) व्यासाच्या दीड ते दोन पट, म्हणजे २४ ते ३२ मिमी आटे बसतील. कमी बसले तर प्लॅटनचे आटे उपसून येतात, आणि ती दुरुस्ती एका चेंजच्या वेळेत होत नाही. लांब बोल्टचे जास्तीचे आटे फिरवत बसणं हाही वेळच आहे. आवळला जातो तो शेवटच्या फेरीत, बाकीच्या फेऱ्या नुसता प्रवास. पान्याला पाइप लावून ओढणं बंद करा, टॉर्क रेंच द्या.

लोकेटिंग रिंग १०० ची, १२५ ची असं मिश्रण असेल तर ॲडॅप्टर रिंग करून मोल्डलाच कायम बसवून ठेवा. नोझलची त्रिज्या स्प्रू बुशच्या त्रिज्येपेक्षा थोडी कमी, आणि नोझलचं छिद्र स्प्रूच्या छिद्रापेक्षा अर्धा ते एक मिमी लहान. उलट झालं तर स्प्रू मोल्डमध्ये अडकतो आणि तुमची ट्रायलची १५ मिनिटं तिथेच जातात. इजेक्टर रॉड प्रत्येक मोल्डचे वेगळे, सगळे एका लांबीचे घासून, नंबर मारून मोल्डलाच बांधून ठेवा. एखादा जरी कमी-जास्त निघाला तरी इजेक्टर प्लेट तिरकी चालते आणि पिना धरतात.

पाण्याची १५ मिनिटं म्हणजे बहुधा प्रत्येक होज क्लिप लावून जोडताय. मोल्डवरची लूप एकदाच करा आणि तशीच कायम ठेवा. चेंजला फक्त मुख्य इन आणि आउट सुटले पाहिजेत. इन निळा, आउट लाल, प्रत्येकावर नंबर. आज सेटरने एका क्रमाने लूप केली आणि उद्या दुसऱ्याने वेगळी केली, की त्याच पॅरामीटरवर पीस वेगळा वाकतो; मग पॅरामीटर हलवले जातात आणि गोंधळ सुरू होतो.

कपलर घेताना आतलं छिद्र बघा. १० मिमीच्या वाहिनीला पाव इंची कपलर लावला तर तोच पाण्याचा गळा दाबतो. १० मिमी वाहिनीत २५ अंशांच्या पाण्याचा प्रवाह चांगला खळखळता, म्हणजे रेनॉल्ड्स आकडा १०,००० च्या आसपास हवा असेल, तर मिनिटाला ४ लिटरच्या वर पाणी लागतं. कपलर बसवल्यावर फ्लोमीटर लावून एकदा मोजा. सायकल टाइम दोन सेकंदांनी वाढला तर चेंजमध्ये कमावलेलं लॉटमध्ये गमावलंत.

शॉपफ्लोअर_वाळूज

आभार. होज क्लिपच आहेत, बरोबर ओळखलंत. दोन प्रश्न. क्रेन एकच, दोन मशिन्सचे चेंज एकदम आले की एक मशीन उभं राहतं, त्यावर उपाय काय? आणि मंजुरीच्या १५ मिनिटांबद्दल क्वालिटीवाले म्हणतात की नायलॉनचं माप गरम असताना घेताच येत नाही, त्यांचंही खोटं नाही.

क्यूए_चाकण

मापाचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नायलॉनचा पीस मशीनमधून निघाल्यावरही आकसत राहतो, शिवाय नंतर ओलावा घेऊन थोडा फुगतो. पण म्हणून मशीन थांबवून ठेवायचं कारण नाही. प्रत्येक पार्टसाठी गरम माप आणि २४ तासांनंतरचं माप यांचा संबंध एकदा बांधा. मग मंजुरी द्यायची ती शॉटचं वजन, दिसणं, आणि ठरवलेल्या वेळी, समजा निघाल्यापासून १५ व्या मिनिटाला, घेतलेल्या एक-दोन मापांवर. तोवर मशीन चालू ठेवायचं, माल वेगळ्या, लेबल लावलेल्या बिनमध्ये रोखून. माप बसलं की बिन मोकळी, नाही बसलं की ग्राइंडरला.

पहिल्याच शॉटला मंजुरी मागू नका. कुशन (शॉटनंतर स्क्रूपुढे उरणारा माल) आणि वजन सलग दहा-पंधरा शॉट स्थिर दिसलं की मग पीस उचला. कुशन दर शॉटला हलत असेल तर चेक रिंग गळतेय, तिथे पॅरामीटरशी खेळून काही होणार नाही.

मागच्या लॉटचा शेवटचा पीस मोल्डबरोबर पिशवीत बांधून ठेवा, तुलनेला तो मास्टर सॅम्पलपेक्षा जास्त उपयोगी पडतो. मोल्ड कोणत्या अवस्थेत खाली उतरला तेही त्यावरून कळतं. फ्लॅश (पीसच्या कडेला आलेला जास्तीचा पापुद्रा) असेल तर टूलरूमने मधल्या काळात दुरुस्ती केली पाहिजे, चेंजच्या वेळी नाही. ऑटोचा ग्राहक असेल तर आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) लागू असणार. त्यातलं कलम ८.५.१.३ सेटअप पडताळणीचंच आहे, पहिल्या-शेवटच्या पीसची तुलना आणि नोंदी जपणं त्यातच येतं. गेज आणि सॅम्पल मोल्डच्या गाडीबरोबरच यावेत. इन्स्पेक्टरला फोन करून मग तो गेज शोधायला लागला तर १५ ची ३० मिनिटं होतात.

मशीन बदललं तर पॅरामीटर शीट जशीच्या तशी उचलू नका. स्क्रूचा व्यास वेगळा असेल तर मिमीमधला शॉट साइज आणि स्पीड दोन्ही चुकतात. शीटवर घनसेंटिमीटर, भरण्याचा वेळ सेकंदांत, आणि वितळलेल्या मालावरचा खरा दाब लिहा.

पीपीसी_सातपूर

मॅग्नेटच्या बाजूने दोन शब्द बोलतो, इथे सगळेच त्याच्या विरोधात दिसतायत. दिवसाला एका मशीनवर चार-पाच चेंज असतील, आणि बाकीचं सगळं आधीच बाहेर काढलेलं असेल, तर क्लॅम्पची १५ मिनिटं हाच मोठा तुकडा उरतो. तिथे मॅग्नेट किंवा हायड्रॉलिक क्लॅम्प शोभतात. पण मोल्डची पाठ सपाट, स्टीलची आणि पुरेशा क्षेत्रफळाची हवी, प्लेटच्या जाडीइतकी मशीनची उघडझाप कमी होते, आणि मोल्ड गरम चालत असेल तर मॅग्नेटची तापमान मर्यादा विचारून घ्यावी लागते. तुमच्या एक-दोन चेंजला आत्ता ते नकोच, यावर माझंही दुमत नाही.

पण वाचलेल्या वेळाचं काय करणार ते आजच ठरवा. १४० चे ७० केलेत आणि लॉट तेवढाच ठेवलात, तर थोडं उत्पादन वाढेल आणि गोदाम तितकंच भरलेलं राहील. तेवढ्याच सेटअप तासांत दुप्पट चेंज करा, लॉट निम्मा होतो, मधला साठा जवळपास निम्मा होतो. टोयोटात १९६९ मध्ये १००० टनी प्रेसची डाय बदली चार तासांवरून दीड तासावर, आणि पुढे तीन मिनिटांवर आणली, ती छोटे लॉट परवडावेत म्हणून. तुमचा ग्राहक रोज थोडा माल मागतोय, म्हणजे तुम्हालाही तेच हवंय. प्लॅनर जुन्याच लॉट साइजने शेड्यूल टाकत राहिला तर शॉपफ्लोअरची सगळी मेहनत कुठे दिसणारच नाही.

टूलरूम_भोसरी

क्रेनबद्दल. आत्ता क्रेन प्रत्येक चेंजला चार वेळा लागते: नवा मोल्ड रॅकवरून आणणं, जुना उतरवणं, नवा चढवणं, जुना परत नेणं. यातल्या पहिल्या आणि चौथ्या फेरीचं मशीन थांबण्याशी काही देणंघेणं नाही, त्या दुसऱ्या वेळी किंवा मोल्ड ट्रॉलीने करा. ट्रॉलीवर दोन जागा ठेवा, एकीवर तापलेला नवा, दुसरी जुन्यासाठी रिकामी. मग क्रेन मशीनपाशी सलग दहा-पंधरा मिनिटं लागते, आणि दोन चेंजमध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवलं तर टक्कर होत नाही. कमी मोल्ड असतील तर ३५० टनीच्या बाजूला छोटी जिब क्रेन हाही पर्याय आहे.

उचलण्याचा आयबोल्ट मोल्डलाच ठेवा, दर वेळी शोधायचा नाही. डीन ५८० (जर्मन मानक) च्या एम२० आयबोल्टची सरळ ओढीची क्षमता १.२ टन आहे, ६०० किलोला पुरते. एम१६ ची ७०० किलो, ती अगदी काठावर. बोल्ट खांद्यापर्यंत पूर्ण बसलेला हवा, आणि मोल्डचे दोन अर्धे जोडणारी पट्टी लावल्याशिवाय मोल्ड जमिनीवरून उचलायचा नाही. पट्टी पिवळी रंगवा, म्हणजे क्लॅम्प झाल्यावर ती काढायची राहिली तर मोल्ड उघडण्याआधी नजरेत येते.

दोन सेटर आहेत तर एक ऑपरेटरच्या बाजूला आणि एक मागच्या बाजूला, दोघांची कामं वेगवेगळ्या कागदावर मिनिटवार लिहा. मशीनला फेऱ्या मारण्यातच बरीच मिनिटं जातात. फक्त पर्ज चालू असताना प्लॅटनमध्ये दुसऱ्याचा हात असता कामा नये. आत हात घालण्याआधी मोटर बंद, लॉक लावलेला, आणि चावी जो आत काम करतोय त्याच्या खिशात. मोल्ड उतरवण्याआधी पाणी काढायचं ते आउटची नळी ड्रेनला लावून इनमधून ४-५ बारची हवा सोडून. वाहिन्या रिकाम्या झाल्या की प्लॅटनवर पाणी सांडत नाही, आणि रॅकवर पडलेल्या मोल्डला आतून गंजही लागत नाही.

सुरुवात एकाच मशीनवर करा, २५० टनीवर. आधी ट्रॉली आणि कपलर, मग गाडीवरचा कंट्रोलर, त्यानंतर ड्रायर. प्रत्येक टप्प्यानंतर परत व्हिडिओ काढा आणि इथे टाका, बघू काय काय उरतंय ते.